घाटेअळीच्या मायक्रोआरएनएची कम्प्युटरवर काढलेली यादी कितपत खरी मानायची?

अकोल्याची_जुई

नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोइन्फर्मॅटिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टचा विषय आहे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणजे आपली हरभऱ्यावरची घाटेअळी, तिच्यातले मायक्रोआरएनए (जीन्सवर ताबा ठेवणारे २२ अक्षरांच्या आसपासचे छोटे आरएनए) नुसत्या कम्प्युटरवरून शोधायचे. सिक्वेन्सिंगला पैसे नाहीत आणि वेट लॅब (प्रत्यक्ष प्रयोगांची) तर नाहीच, जे काय करायचं ते लॅपटॉपवर.

मी काय केलं ते सांगते. मायरबेस या मायक्रोआरएनएच्या डेटाबेसमधून सगळ्या कीटकांचे मॅच्युअर (कापून तयार झालेले) सिक्वेन्स घेतले, घाटेअळीच्या जीनोमवर ब्लास्ट केले म्हणजे जुळणाऱ्या जागा शोधल्या, ३ मिसमॅचपर्यंत (३ अक्षरं न जुळली तरी) चालवून घेतलं कारण जवळपास सगळ्या पेपरात तेच लिहिलेलं असतं, मग हिटसकट दोन्ही बाजूंची अक्षरं काढून घेऊन आरएनएफोल्डमध्ये (आरएनए कसा दुमडतो ते सांगणारं टूल) टाकली आणि ज्यांची हेअरपिन (आकड्यासारखी घडी) नीट बनते आणि एमएफईआय (घडी किती पक्की याचा निर्देशांक) ०.८५ च्या वर आहे ते ठेवले. चारशेच्या वर निघाले. लेट-७, बॅन्टम, मिर-१८४ हे सगळे ओळखीचे आहेत त्यात, पण बाकीचे बरेच असे आहेत की ज्यांचं नाव मी कुठे वाचलेलं नाही.

गाईड सर म्हणतात उत्तम झालंय, आता टार्गेट (हे कुठल्या जीन्सवर काम करतात ते) काढ आणि लिहायला घे. पण प्री-सबमिशनला बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, यातले निम्मे तरी खरे आहेत हे कशावरून? मला काहीच सांगता आलं नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. लॅब नसताना याचा पुरावा कसा द्यायचा? आणि या सगळ्याचा पुढे खरंच काही उपयोग होतो का? कुणी यात काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

---

डायसर१

जुई, मॅडमनी अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. या विषयात यादी काढणं सोपं झालंय आणि यादी गाळणं कुणी करत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाच.

आधी त्या ३ मिसमॅचचा हिशोब करून बघ, वहीवर होतो. २२ अक्षरांचा एक मॅच्युअर सिक्वेन्स घे. त्याच्यापासून ३ किंवा त्याहून कमी अक्षरांनी वेगळे असे एकूण ४३,७२६ सिक्वेन्स होतात. २२ अक्षरांचे एकूण सिक्वेन्स म्हणजे ४ चा २२ वा घात, साधारण १७.६ लाख कोटी. घाटेअळीचा जीनोम २०१७ मध्ये आला तो ३३७ मेगाबेसचा, दोन्ही स्ट्रँड धरले तर ६७ कोटी जागा. गुणाकार-भागाकार केलास की उत्तर येतं १.७ च्या आसपास. म्हणजे तू काहीही २२ अक्षरं टाक, अगदी डोळे मिटून कीबोर्डवर टाइप केलेली ए टी जी सी टाक, तरी ३ मिसमॅच सोडून नुसत्या योगायोगाने सरासरी दीड-दोन हिट मिळणारच. हजार क्वेरी टाकल्यास तर दीड-पावणेदोन हजार हिट फुकटचे. २ मिसमॅचवर आलीस की हेच १०० क्वेरींमागे ८ होतात आणि १ वर आलीस की हजारामागे अडीच-तीन. एवढा फरक आहे, आणि प्रत्यक्षात जीनोममध्ये ए-टी जास्त आणि रिपीट भरपूर असल्यामुळे खरा आकडा माझ्या हिशोबापेक्षा वाईटच असणार.

आता तू म्हणशील हेअरपिनचा फिल्टर लावलाय ना. हेअरपिन हा पुरावाच नाही गं. माणसाच्या जीनोममध्ये शोधल्यावर हेअरपिन बनू शकतील अशा १ कोटी १० लाखांच्या आसपास जागा निघाल्या होत्या, खरे मायक्रोआरएनए त्यात फक्त काही शेकडे. कुठलाही आरएनए स्वतःवर दुमडतो, तो त्याचा स्वभाव आहे. पतंगांच्या जीनोममध्ये तर उलटसुलट रिपीट असलेले ट्रान्सपोझॉन (जागा बदलणारे डीएनएचे तुकडे) पसरलेले असतात, ते इतक्या सुंदर हेअरपिन देतात की बघून कुणालाही वाटावं हाच मायक्रोआरएनए.

आणि तो ०.८५. हा आकडा २००६ च्या सुमारास वनस्पतींच्या मायक्रोआरएनएवरून आला. वनस्पतींचे प्रिकर्सर (ज्या हेअरपिनमधून मायक्रोआरएनए कापला जातो त्या) लांब, प्राण्यांचे ६०-७० अक्षरांचे, तरी तो आकडा जसाच्या तसा उचलून किडींना लावतात. शिवाय सूत्र बघ, दुमडण्याच्या एनर्जीला लांबीने भागून शंभराने गुणायचं आणि मग जीसी (जी आणि सी अक्षरांच्या) टक्क्यांनी भागायचं. समजा ८० अक्षरांची हेअरपिन आहे, एनर्जी उणे २०, म्हणजे दर शंभरी २५. जीसी २५ टक्के असेल तर एमएफईआय १.० आला, पास. तीच एनर्जी, तीच लांबी, पण जीसी ५० टक्के असेल तर ०.५, नापास. म्हणजे हा फिल्टर ए-टीने भरलेल्या जागांना झुकतं माप देतो, आणि पतंगाच्या जीनोममध्ये त्यांचीच गर्दी आहे.

मग पुरावा म्हणजे काय? पुरावा म्हणजे पेशीने तो खरंच कापलेला दिसणं. ड्रोशा या एन्झाइमने हेअरपिनच्या मुळाकडून कापलं, डायसर-१ या दुसऱ्या एन्झाइमने लूपकडून कापलं, की दोन्ही हातांचे तुकडे उरतात आणि ते एकमेकांवर ठेवले तर दोन्ही टोकांना २ अक्षरं बाहेर डोकावतात. स्मॉल आरएनए सिक्वेन्सिंगच्या रीड्समध्ये (वाचलेल्या तुकड्यांमध्ये) हे स्वच्छ दिसतं. मॅच्युअरचे हजारो रीड आणि समोरच्या हाताचे थोडेसे, सगळ्यांची ५ प्राइम (सुरुवातीची) बाजू एकाच अक्षरावर सुरू झालेली. ही ५ प्राइमची शिस्त फार महत्त्वाची, कारण टार्गेटला जुळणारी सीड, म्हणजे २ ऱ्या ते ८ व्या अक्षरापर्यंतचा भाग, तिथूनच मोजतात, एक अक्षर सरकलं तर अख्खं टार्गेट बदलतं. नुसताच कुठल्यातरी आरएनएचा भुगा असेल तर रीड्स पायऱ्या-पायऱ्यांनी सगळीकडे पसरलेले दिसतात. मिरजीनडीबी या दुसऱ्या डेटाबेसवाले याच निकषांवर एकेक जीन हाताने तपासून घेतात, दोन्ही हातांचे रीड हवेत, २ अक्षरांचा ऑफसेट हवा, किमान १६ अक्षरं जुळलेली हवीत, लूप किमान ८ चा. मायरबेसमध्ये २२ व्या आवृत्तीला २७१ जीवांच्या ३८,५८९ हेअरपिन होत्या, आणि त्यातही बऱ्याच अशा आहेत की ज्या या निकषांवर टिकत नाहीत. म्हणजे तुझ्या क्वेरीतच काही खोटे होते आणि त्यांचे हिट तू पुढे आणलेस.

सिक्वेन्सिंगला पैसे नाहीत म्हणालीस, ते लागत नाहीत. एनसीबीआयच्या एसआरएमध्ये (सिक्वेन्सिंग डेटाच्या सार्वजनिक साठ्यात) घाटेअळीच्या स्मॉल आरएनए लायब्ररी पडलेल्या आहेत, फुकट. लॅपटॉप दमत असेल तर युरोपच्या गॅलक्सी सर्व्हरवर मिरडीप२ (रीड्सवरून मायक्रोआरएनए ओळखणारं टूल) बसवलेलं आहे, ब्राउझरमधून चालतं. त्या लायब्ररी उतरव, ॲडॅप्टर (सिक्वेन्सिंगसाठी जोडलेले तुकडे) काप, १८ अक्षरांच्या खालचं टाकून दे, आरफॅम (आरएनए कुटुंबांचा डेटाबेस) वापरून टीआरएनए-आरआरएनएचे तुकडे बाजूला कर, मग तुझे चारशे एकेक करून रीड्सच्या ढिगाखाली ठेवून बघ. मिरडीप२ स्कोअरचा एक तक्ता देतं, त्यात कुठल्या स्कोअरला सिग्नल-टू-नॉइज किती ते लिहिलेलं असतं, १० च्या वर जिथे जातो तिथून पुढचे घे. आणि प्रत्येकाचं पीडीएफ उघडून डोळ्यांनी बघ, याला दुसरा रस्ता नाही.

---

कीडवैद्य

वरचं सगळं पटलं पण जुईची यादी पार फेकून द्यायची असं कुणी समजू नये. लेट-७, मिर-१००, मिर-१२५ हे तिघं कीटकांत एकाच ठिकाणी शेजारी-शेजारी बसतात, तसंच मिर-२७७, मिर-३१७, मिर-३४. तुझ्या यादीत हे एकाच स्कॅफोल्डवर (जीनोमच्या एका सलग जोडलेल्या तुकड्यावर) शेजारी आलेत का ते आज रात्रीच तपास. आले असतील तर तेवढ्या भागावर विश्वास ठेवायला हरकत नाही, रीड्सची वाट न बघता. मिर-७१ पण बघ, तो ड्रोसोफिला माशीत हरवलाय पण पतंगांत मिर-२ च्या घोळक्यात असतो, म्हणून नुसती माशी धरून शोधणाऱ्यांना तो सापडत नाही. रेशीमकिड्याशी तुलना कर, आपल्या अळीला माशीपेक्षा तोच जवळचा नातेवाईक.

मी कीटकशास्त्रातली आहे, त्यामुळे मला सांगायचंय ते नमुन्याबद्दल. एसआरएमधली लायब्ररी उतरवण्याआधी नमुना कुठून आला ते वाच. अख्खी अळी वाटलीय की फक्त आतडं की फॅट बॉडी (चरबीचं ऊतक)? अख्खी अळी असेल तर तिच्या पोटातलं जेवणही त्यात आलं. प्रयोगशाळेत घाटेअळी ज्या खाद्यावर वाढवतात त्यात मुख्य असतं हरभऱ्याचं पीठ, यीस्ट आणि अगर, म्हणून रीड्समध्ये मिर-१५६, मिर-१६६ दिसले तर आनंदून जाऊ नको, ते हरभऱ्याचे आहेत. कपाशीवरून आणलेली अळी असेल तर कपाशीचे. असे रीड घाटेअळीच्या जीनोमवर शून्य मिसमॅचने मॅप केले की बरेचसे गळतात, पण १-२ मिसमॅच सोडलेस तर काही चिकटून बसतात.

याहून अवघड प्रकार शेतातून गोळा केलेल्या अळ्यांचा. हरभऱ्यात लहान अळ्यांवर कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाची परोपजीवी गांधीलमाशी अंडी घालते, बाहेरून अळी तंदुरुस्त दिसते आणि आत दुसऱ्याच कीटकाची अळी वाढत असते. त्या लायब्ररीत दोन कीटकांचे मायक्रोआरएनए आले. लेट-७ दोघांचाही सारखाच असतो, त्यामुळे ते वेगळे करताच येत नाहीत आणि आकडे फुगतात. आणि हे नुसतं मिसळणं नाही बरं का. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीत कोटेशिया वेस्टॅलिस नावाची माशी अंडी घालते, तिच्या भ्रूणाभोवतीच्या पेशी मिर-२८१ अळीच्या शरीरात सोडतात आणि त्याने अळीचा कात टाकण्याच्या हार्मोनचा रिसेप्टर दाबला जातो, अळीची वाढ रखडते. २०१८ मध्ये हे नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलंय. मला हे वाचून किती दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. निसर्गात किडीविरुद्ध मायक्रोआरएनए वापरणारं आधीच कुणीतरी आहे!

अजून एक, पुढेमागे स्वतः आरएनए काढायची वेळ आली तर. बहुतेक कीटकांच्या २८एस या मोठ्या आरआरएनएमध्ये मधोमध एक छुपा तुटका सांधा असतो. नमुना गरम केला की त्याचे दोन अर्धे होतात आणि ते १८एस या लहान आरआरएनएच्या जागीच जाऊन बसतात. मग बायोॲनालायझरवर (आरएनए तपासायच्या यंत्रावर) दोनाऐवजी एकच शिखर दिसतं आणि आरआयएन (आरएनएच्या दर्जाचा आकडा) पार खाली येतो. सिक्वेन्सिंग करून देणारे सांगतात सॅम्पल खराब आहे, परत पाठवा, आणि पोरं चांगला आरएनए ओतून देतात. नका ओतू. जेलवर बघा, खाली भुगा नसेल आणि एक ठसठशीत पट्टा असेल तर आरएनए ठीक आहे.

---

बोंडवाला_वणी

मी शास्त्रवाला नाही, कापूस आणि तूर करतो, पोरगा बायोटेकला आहे त्याने हे वाचायला दिलं. अर्धं डोक्यावरून गेलं पण एक विचारतो. २००२ ला बीटी आलं, २००६ ला दोन जीनवालं आलं, तेव्हाही असंच सांगितलं होतं की अळीचा प्रश्न मिटला. २०१७ ला आमच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी होती, एक एक बोंड फोडून पाहिलं, आत कवडी (खराब कापूस). आता तुम्ही हे मायक्रोआरएनए म्हणता, तर याचं फवारायचं औषध किंवा बियाणं कधी येईल, आणि अळी त्यालाही पचवणार नाही कशावरून?

---

डायसर१

काका, तुमचा प्रश्न आमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठा आहे आणि तुम्हाला सरळ उत्तर मिळालं पाहिजे. मायक्रोआरएनएवर चालणारं बियाणं किंवा फवारा आज शेतकऱ्याच्या हातात नाही. जे आलंय ते याच्या चुलतघरातलं, डबल स्ट्रँडेड (दुहेरी धाग्याचा) आरएनए. अमेरिकेत २०१७ मध्ये मक्याच्या मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याविरुद्धच्या मक्याला मंजुरी मिळाली आणि २०२३ च्या डिसेंबरात बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी लेडप्रोना नावाच्या फवाऱ्याला. दोन्ही भुंगेरेच, हे लक्षात घ्या. भुंगेऱ्याने आरएनए खाल्ला की तो पेशीत शिरतो आणि काम करतो. आपल्या बोंडअळ्या, घाटेअळ्या पतंगांच्या जातीच्या, त्यांचं आतडं इतकं अल्कलीचं आणि त्यात आरएनए तोडणारी एन्झाइम्स इतकी की खाल्लेला आरएनए पेशीपर्यंत पोचायच्या आतच संपतो. हाच खरा अडसर आहे.

तरी वाट पूर्ण बंद नाही. दिल्लीच्या आयसीजीईबी या संशोधन संस्थेतल्या गटाने २०१५ मध्ये तंबाखूच्या झाडात घाटेअळीच्या कायटिनेज जनुकावर नेम धरलेला कृत्रिम मायक्रोआरएनए बनवून घेतला होता, ती पानं खाल्लेल्या अळ्यांचं कात टाकणं थांबलं आणि त्या मेल्या. हे प्रयोगशाळेतलं, तोडलेल्या पानांवरचं काम आहे, तंबाखूवरचं आहे, तिथून कपाशीच्या वावरापर्यंत खूप अंतर आहे.

आणि पचवण्याबद्दल म्हणाल तर हो, पचवू शकते. नेम धरलेल्या जागेतलं एखाद-दुसरं अक्षर बदललेली अळी वाचली की तिचीच पिलावळ वाढणार, किंवा आरएनए आत घेण्याची वाटच बंद करणारी अळी निघेल. बीटीच्या बाबतीत रेफ्युजीच्या (बिगर-बीटी कपाशीच्या) ओळी लावल्या गेल्या नाहीत, फरदड (हंगामानंतरही उभं पीक) ठेवली गेली, एकाच हत्यारावर सगळा भार टाकला. उद्या आरएनए आला आणि तसंच वागलो तर तेच होणार. तोवर कामगंध सापळे, डोमकळ्या (अळी लागलेली न उमललेली फुलं) तोडून नष्ट करणं आणि हंगाम वेळेत संपवणं हेच खरं आहे, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

---

अकोल्याची_जुई

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि बोंडवाला काका तुमचंही, माझे आजोबाही हेच विचारतात मला.

मिर-१००, लेट-७, मिर-१२५ तपासले, एकाच स्कॅफोल्डवर आहेत आणि मिर-७१ पण मिर-२ जवळच निघाला! एसआरएमधून एक लायब्ररी घेऊन चालवतेय, पहिल्या अंदाजात यादी शंभराच्याही खाली येईल असं दिसतंय. गाईड सरांना दाखवलं तर म्हणाले एवढीच यादी कशी चालेल. दोन शंका राहिल्यात. एक, टार्गेटचं काय करू, मिरांडा हे टार्गेट शोधणारं टूल चालवलं तर एकेका मायक्रोआरएनएला शेकडो जीन्स येताहेत. दुसरी, मिरडीप२ माझा जीनोम घेतच नाही, सुरू होताच एरर देऊन थांबतं.

---

कीडवैद्य

सरांना सांग की पुराव्यासकट ८० ही बिनपुराव्याच्या ४०० पेक्षा मोठी यादी आहे, आणि जे गळले ते का गळले याचा एक तक्ता प्रबंधात घाल. बाहेरच्या परीक्षकांना नेमकं तेच बघायचं असतं.

टार्गेटचाही तसाच हिशोब कर. सीड ७ अक्षरांची धर, ४ चा ७ वा घात १६,३८४. ३ प्राइम यूटीआर (जीनच्या शेवटचा, प्रथिन न बनवणारा भाग) हजार अक्षरांचा असेल तर योगायोगाने सीड जुळण्याची शक्यता ६ टक्के. घाटेअळीत साधारण १७ हजार जीन्स, म्हणजे कुठलाही मायक्रोआरएनए घे, हजारभर टार्गेट आपोआप मिळणार. त्यात किडींचे यूटीआर नीट मार्क केलेलेच नसतात, बरेच जण जीन संपल्यावर पुढची हजार अक्षरं कापून त्यालाच यूटीआर म्हणतात. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या टूलमध्ये जे येतात तेवढेच धर आणि त्यातलेही जे जवळच्या पतंगांत त्याच जागी टिकून आहेत तेच लिही. मिर-१४, मिर-८, मिर-३४ असे पाच-सहा घेऊन खोलात जा. आणि मायक्रोआरएनए म्हणजे जीन दाबणारच असं लिहू नको, टोळात मिर-२७६ हा ब्रह्मा नावाच्या जीनचं प्रमाण वाढवतो आणि त्यामुळे सगळी अंडी एकाच वेळी उबतात, २०१६ मध्ये चिनी गटाने दाखवलंय. कम्प्युटर फक्त कुठे बसू शकतो ते सांगतो, दाबतो की वाढवतो ते ल्युसिफेरेज चाचणी आणि अळीला इंजेक्शन अशा लॅबमधल्या प्रयोगांनीच कळतं. प्रबंधात सगळीकडे संभाव्य टार्गेट असाच शब्द ठेव.

---

डायसर१

एररचं उत्तर सोपं आहे. जीनोमच्या फास्टा फाइलमध्ये हेडरच्या ओळीत स्पेस असणार, एनसीबीआयच्या फाइलमध्ये ॲक्सेशननंतर किडीचं नाव, स्कॅफोल्ड वगैरे सगळं लिहिलेलं असतं. मिरडीप२ ला ते चालत नाही. पहिल्या स्पेसनंतरचं सगळं उडव, नुसता ॲक्सेशन ठेव. मायरबेसच्या फाइललाही तेच कर, आणि तिथे यू असतात त्यांचे टी करून ठेव म्हणजे इतर टूलमध्येही गोंधळ होत नाही. बाउटायचा (रीड्स मॅप करणारं टूल) इंडेक्स नव्या फाइलवरून परत बनव, जुना वापरलास तर नावं जुळणार नाहीत.

आणि ब्लास्ट परत चालवणार असशील तर टास्क ब्लास्टएन-शॉर्ट लाव, वर्ड साइज ७. नुसतं ब्लास्टएन टाइप केलं की आत मेगाब्लास्ट चालतं, त्याचा वर्ड साइज २८, त्यात २२ अक्षरांची क्वेरी सापडणं शक्यच नाही.